ठकूची सासू आणि आभाळातली गिधाडं

एक होती धनगरीण, नाव तिचं ठकू. माळावर मेंढरं राखायची. पालात ती आणि तिची म्हातारी सासू, दोघीच. सासूला धड दिसायचं नाही, पण एका जागी बसेल तर शपथ!

एकदा काय झालं, ऐन उन्हाळ्यात एक कोकरू हरवलं. ठकू गेली होती पाण्याला. म्हातारीनं काठी घेतली आणि निघाली की शोधायला! ठकू परत येऊन बघते, तर पाल रिकामं.

मग ती धावत सुटली. बाभळीवर कावळा होता.

"माझ्या आत्याबाई दिसल्या का रं?"

"मला बाई माझ्या झाडाखालचंच ठाऊक."

मग घार भेटली. तिची नजर उंदरांवर. मग कड्यावर दिसलं एक म्हातारं गिधाड. मान उघडी, पिसं विस्कटलेली. ठकूला भीती वाटली, बरं का. पण विचारलं तिनं.

गिधाड म्हणालं, "आम्ही आभाळात लांब लांब पांगून फिरतो. एक खाली उतरलं की शेजारचं बघतं. त्याला बघून पलीकडचं वळतं. हाक मारावी लागत नाही. तुझी सासू दिसली तर मी उतरेन. पण माझ्यामागं सगळी भुकेली येतील गं. त्यांना जेवायला बोलावून फसवू का?"

ठकू म्हणाली, "सकाळीच माझी एक मेंढी मेली. पुरणार व्हते. ती तुमची. कुनी उपाशी जानार न्हाई."

मग गिधाड उडालं. वर, वर, पार ठिपक्याएवढं झालं. आणि दूर डोंगराकडे सर्रकन उतरलं! त्यामागं दुसरं, मग तिसरं, मग चहूकडून गिधाडंच गिधाडं. ठकू रडत रडत त्यांच्यामागं पळाली. एवढी गिधाडं जमली, म्हणजे आत्याबाई... पुढचं तिला मनातही आणवेना.

पोचते तर काय? तापलेल्या कातळावर म्हातारी बसलेली, पाय मुरगळलेला, मांडीवर कोकरू. आणि भोवती गिधाडं, पंख पसरून, सावली धरून!

म्हातारी म्हणाली, "आलीस व्हय गं? ही भली मानसं केव्हाची हुभी हायेत. बोलत न्हाईत बिचारी. आधी त्यास्नी पानी दे."

ठकू हसली, रडली आणि तिच्या गळ्यातच पडली.

मग तिनं म्हातारीला पाठुंगळी घेतलं, घरी आणलं आणि मेंढी माळावर नेऊन ठेवली. थोरल्या गिधाडानं चामडं फाडलं, मग बाकीची जेवली. ढकलाढकली झाली, भांडणंही झाली. पण अगदी बारक्या गिधाडालाही घास मिळाला हो.

म्हातारीचा पाय बरा झाला. कोकरू मोठं झालं. दोघी सासवा-सुना मायेनं राहिल्या. गिधाडं पोटभर जेवून कड्यावर झोपली. आता तुम्हीही गोधडी ओढा बघू, आणि झोपा.