शिडी आणि संगणक

नीट आठवत नाही, कदाचित ती शिडी नसून स्टूलही असेल. पण फार पूर्वी एका वाचनालयात संगणक आला, तेव्हा त्याच्या टेबलाला जागा हवी म्हणून ग्रंथपाल देवस्थळीबाई शिडी भंगारात द्यायला निघाल्या.

"आजी, आता पुस्तकं मी शोधणार," संगणक शिडीला म्हणाला.

तेवढ्यात कुणीतरी एक रहस्यकथा मागितली. संगणकाने फळी सांगितली. फळीवर पुस्तक नव्हतं.

"आपले सभासद टिपणीसनाना ते वर पाककृतींमागे लपवतात, दुसऱ्याने नेऊ नये म्हणून. माझ्यावरच चढून," शिडी म्हणाली.

"मग सांगायचं नाही का?" संगणकाने विचारलं.

"तू विचारलंस कुठे?"

बाईंनी शिडीवर चढून पुस्तक काढलं. मग नानांना लपवावं लागू नये म्हणून संगणकात पुस्तक राखून ठेवायची सोय केली, आणि शिडीही ठेवून घेतली. बऱ्याच वर्षांनी मी खात्री करून आलो: संगणक चौथा आहे, शिडी तीच, आणि ती शिडीच आहे.