म्हैस जागेवर आहे

एकदा एका गावच्या दूध संकलन केंद्रावर सकाळी सकाळी चाळीस म्हशींच्या गाई झाल्या.

केंद्रावर शालनताई संगणकावर नोंदी घ्यायची. एक दाबलं की गाय, दोन दाबलं की म्हैस. नऊ वर्षं हेच. आदल्या दिवशी संगणकातल्या नोंदींच्या प्रणालीची नवी आवृत्ती आली आणि हे आकडे उलटे झाले.

"माझी म्हस काय न्हाऊन गाय झाली व्हय?" एक म्हातारा पावती नाचवत ओरडत होता.

ही प्रणाली विकणारे शेठ धावत आले. सोबत ती घडवणारे वृद्ध गुरुजी आणि त्यांची शिष्या.

"बाईंना जमत नाही. बाई बदला," शेठनी निकाल दिला. शालनताई भिंतीच्या खिळ्यावरची पर्स काखेत घेऊन उभी राहिली.

आकडे शिष्येनेच उलटवले होते. शेठना दर पंधरवड्याला काहीतरी नवं दिसायला हवं असे. या खेपेस बदलण्याजोगं काही सापडेना, म्हणून तिने गाय आणि म्हैस यांची अदलाबदल केली. गुरुजींनी न बघताच मान डोलावली होती. आताही ते गप्पच! हा माणूस मला काय डोंबल शिकवणार, असं तिच्या मनात आलं.

"उलटं मी केलंय," ती म्हणाली. "आणि मंजूर यांनी."

गुरुजी तिला म्हणाले, "जुनी आवृत्ती चढव."

ती चढली, तसा त्यांनी खांद्यावरचा पंचा स्क्रीनवर टाकला. "बसा शालनताई. घ्या दूध."

"आवो, दिसंना की कायबी!"

"घ्या तर."

"एकशे बारा, म्हैस, साडेसहा!" रांगेतून खाते क्रमांक, जनावर, लिटर असे आवाज येऊ लागले. बोटं चालू लागली. "चाळीस, गाय, चार!" वीस किटल्या रिकाम्या झाल्यावर गुरुजींनी पंचा उचलला. वीसच्या वीस नोंदी बरोबर.

"शेठ, आपण विकलं ते या पेटीत आहे असं तुम्ही समजता. ते केव्हाच या बाईंच्या बोटांत उतरलं आहे. उतरायला वर्षं लागली, मोडायला एक दुपार. बिघडलेलं अवश्य बदलावं. पण आपण काम करतो हे दिसावं म्हणून केलेला बदल दुसऱ्याचा हात अधू करतो."

"मग पंधरा दिवसांनी गिऱ्हाइकांना नवीन काय सांगू?"

"सांगा, म्हस जाग्यावर हाय!" पावतीवाला म्हातारा म्हणाला. सगळी रांग हसली. शेठनाही हसू आवरेना. "बसू द्या बाईंना," ते पुटपुटले. शालनताईची पर्स पुन्हा खिळ्याला लागली.

सकाळच्या चाळीस नोंदी दुरुस्त करून परतताना शिष्येने विचारलं, "एवढं कळत होतं, तर मान का डोलावलीत?"

"नाही म्हटलं तर म्हातारा झालो म्हणतील, ही भीती."

"झालाच आहात."

गुरुजी खळखळून हसले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिला छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

पुढच्या पंधरवड्याच्या यादीत तिने एकच ओळ लिहिली: 'बदल काही नाही.' गुरुजींनी या वेळी ती नीट वाचली, आणि मगच सही केली.