उजेडात धरलेला पंख

समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावर जिवांना नुकती नावं मिळत होती, तेव्हाची ही गोष्ट. नाव द्यायचं काम खेकडेबुवांकडे होतं. ते खडकावर बसून लांबूनच पाय बघत, पंख बघत आणि नाव देऊन मोकळे होत. जो डास ठरे, त्याला बेट सोडावं लागे.

एक तिळाएवढी माशी पुढे आली.

"बारीक पंख, लांब पाय. डास!" बुवा म्हणाले. "चालती हो."

"पण बुवा, मी कुणाला चावलेय का?"

"अजून चावली नसशील."

तेवढ्यात ओल्या लाकडावरची अळंबी म्हणाली, "ही माझ्याच छत्राखाली लहानाची मोठी झाली. लांबून काय ओळखताय? जवळ या आणि हिचा पंख उजेडात धरा."

बुवा कुरकुरत खाली उतरले. डासाच्या पंखावर खवले असतात. हिचा पंख नितळ होता आणि त्यात फांद्यांसारख्या शिरा चमकत होत्या.

"अगं, तुला तर पाठीवर कुबड आहे!"

"आहेच मुळी!" माशी आनंदाने नाचू लागली. तिचं कुबड आजवर कुणी पाहिलंच नव्हतं.

"अळंबमाशी!" बुवांनी नाव दिलं.

नाव मिरवत ती घरी निघाली, तर शेजारच्या अळंबीखाली तिच्यासारखीच एक बसलेली.

"अगं, तूसुद्धा अळंबमाशीच!" ती लांबूनच ओरडली.

"कशावरून?" दुसरी फुरंगटून म्हणाली.

अळंबमाशी खो खो हसली आणि तिच्या पायाला धरून तिला उजेडात घेऊन गेली.