उमरघाटची धुमसती टेकडी

इथून पुढे चपला काढू नका. देवाची जागा समजून पाहुणे काढतात आणि पाय भाजून घेतात. ही टेकडी आतून पेटलेली आहे. समोरच्या भेगांतून पावसाळ्यात वाफ निघते, थंडीत धूर. खाली नदीपर्यंत पाहा, सगळं हिरवं आहे. टेकडीवर मात्र गवताची काडी नाही. पौषात गावची कुत्री इथे निजायला येतात. मोठमोठे इंजिनियर आले, त्यांनी वाळू ओतली, पाण्याचे पाट सोडले, पण आग विझली नाही. ती कशी लागली हे उमरघाटात ज्याने त्याने आपापल्या घरी ऐकलेलं असतं. मी आमच्या घरी ऐकलं तसं सांगतो.

नदीच्या या काठी इंग्रजांचा अंमल आणि पलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचा मुलूख, असा तो काळ. इथे गाव नव्हतं. उंबराच्या झाडाखाली गोंडांची चार घरं होती आणि लाकूड कोरून केलेला एक डोंगा होता. तो भिवसन मडावी चालवायचा. पलीकडून माणसं पळून येत. कोणी वेठीला कंटाळलेलं, कोणी मारातून सुटलेलं, कोणाच्या हातून भलतंच घडून गेलेलं. पलीकडचे शिपाई पाण्यापर्यंत पाठलाग करत. नदी ओलांडायचा त्यांना हुकूम नव्हता. पळून आलेला माणूस काठच्या लव्हाळ्यात लपून हाक मारी आणि भिवसन इकडून ओ देई. लांबलचक, शेवटी वर चढत जाणारी अशी ती ओ होती. ऐकणाऱ्याला वाटे, आता आपण वाचलो. दोन्ही काठांवर ती ओ ओळखीची झाली होती, असे सांगतात.

व्यंकटी गवंडी असाच आला. मोगलाईत एका गढीचं काम चालू असताना भिंत कोसळली, खाली माणूस दबला आणि सगळा दोष व्यंकटीवर आला. तो आला तेव्हा नदीला पूर होता. तरी भिवसनने डोंगा घातला. त्याची बायको मैनू सोबत बसून आत येणारं पाणी सुपाने उपसत होती. काठावर उतरल्यावर व्यंकटी मैनूच्या पाया पडला आणि त्या दिवसापासून तिला बहीण मानू लागला.

नाल्याच्या दरडीतला काळा दगड चुलीत पेटतो, हे गोंडांना आधीपासून माहीत होतं. ते साहेबांना कळलं आणि चार घरांचं गाव व्हायला वेळ लागला नाही. तंबू आले, इंजिन आलं, टेकडीच्या पोटात तिरपं भुयार गेलं. तेलंगणातून, बिलासपुराकडून, नागपुराकडून माणसं आली. दारूच्या भट्ट्या लागल्या, बाजाराच्या दिवशी चाकू निघू लागले. कोणाला गाव विचारायचं नाही, खरं नाव तर नाहीच नाही, असा इथला रिवाज होता. पुढे नदीवर पूल झाला, डोंगा काठावर पडून राहिला आणि भिवसन खाणीत उतरला. त्या काळी बायकाही खाणीत जात. तो कोळसा फोडायचा आणि मैनू टोपली डोक्यावर घेऊन वर आणायची.

त्या दिवशी मैनूच्या अंगात ताप होता म्हणून ती घरी राहिली.

सकाळी आत छत बसलं. खाणीत अधूनमधून ते होतच असे. पण या वेळी छताच्या मागे कोळसा आधीपासून धुमसत होता. तोंडाजवळचे लोक धावत बाहेर आले आणि त्यांच्या मागोमाग पिवळा धूर आला. आत किती राहिले हे नीट कोणालाच सांगता येईना, कारण खरी नावं कोणी सांगितलीच नव्हती. बायकांनी नदीपासून रांग लावून घागरी पोहोचवल्या. भुयाराच्या तोंडाशी ओतलेलं पाणी तिथल्या तिथे चरचरून जाई. दुपारपर्यंत घागरी आपटून फुटल्या, बायकांचे हात सोलले, आणि धूर होता तसाच होता.

मोठ्या साहेबाने हुकूम दिला की खाण बंद करा. वारा मिळाला तर सगळा थर पेटेल, मग खाणही नाही आणि गावही नाही. आतले लोक केव्हाच मेले आहेत, असं तो म्हणाला. हवेसाठी टेकडीवर खणलेली विहीर आधी बुजवली. मग भुयाराच्या तोंडाशी साहेबाच्या बंगल्यासाठी आणलेल्या विटा उतरवल्या आणि व्यंकटीला बोलावलं.

व्यंकटी हातात थापी घेऊन नुसता उभा राहिला. मुकादम तुळशीराम त्याच्याजवळ आला.

"लाव गा," तो म्हणाला.

"आत भिवसन हाय, मुकादम."

"माझा पुतण्याबी आतच हाय. तरी मीच तुले सांगून रायलो. लाव. ज्याईले जाचं होतं ते गेले. बाहेरच्याईनं काय खाचं उद्या?"

असं म्हणताना तुळशीराम रडत होता, म्हणे. व्यंकटीने पहिली वीट ठेवली.

भिंत गुडघ्याला आली, कमरेला आली, छातीला आली. मैनू भिंतीला लागून उभी होती. तापाने तिला धड उभं राहवत नव्हतं. उरलेल्या फटीत तोंड घालून ती हाका मारत होती. आधी नवऱ्याचं नाव. मग शेजाऱ्यांची नावं. मग ज्यांची नावं माहीत नव्हती त्यांना दादा, बापू, पोरा, जे सुचेल ते. धुराने तिचे डोळे सुजून मिटले, भुवया जळाल्या. कोणी तिला मागे ओढलं की ती पुन्हा येई. आतून उत्तर येत नव्हतं.

एका विटेएवढी जागा राहिली तेव्हा व्यंकटी म्हणाला, "बाजूले हो, बहिणी. आता मले लावू दे."

मैनूने त्याचं मनगट धरलं. दुसरा हात भिंतीवर ठेवून तिने आपल्या पेनाला, म्हणजे गोंडांच्या देवाला, नवस बोलला. आसपासच्या सगळ्यांनी तो ऐकला.

"एक डाव त्याची ओ ऐकू दे. एकच डाव. मंग मी तुले काहीच मागणार नाही. कधीच नाही."

मग तिने हाक मारली. तशी हाक गावाने पुन्हा ऐकली नाही, असे सांगतात. पलीकडच्या मोगलाईत गुरं राखणारेसुद्धा थांबले. हाक भुयारात उतरत गेली आणि विरली. तुळशीरामने डोक्याचा पटका काढून तोंडावर धरला.

आणि आतून ओ आली. लांबलचक, शेवटी वर चढत जाणारी.

साहेब म्हणाला, खांब तडकले असतील. व्यंकटीने हातातली वीट फेकून दिली. "या ओच्या भरवशावर मी पूर उतरलो," तो ओरडला, "मले का सांगता खांब तडकले?" आणि त्याने खांदा लावून आपलीच भिंत पाडली. साहेबाने बंदूक मागवली असंही काही जण सांगतात. आमच्या घरी मात्र सांगत की साहेब खुर्चीवर बसून राहिला आणि कोणाकडे बघेना.

व्यंकटी, तुळशीराम आणि आणखी तिघे-चौघे डोक्यावर ओली पोती घेऊन आत शिरले. डाव्या हाताला एक बसका गाळा, म्हणजे खणलेला कप्पा, होता. तिथे छतातून पाणी ठिबकायचं म्हणून कोणी काम करत नसे. त्या चिखलात सात माणसं पालथी पडली होती, तोंडं पाण्याजवळ नेलेली. एकेकाला ओढत बाहेर आणलं. तुळशीरामचा पुतण्या त्यांत होता. माझे पणजोबाही होते. त्या सातांतले दोघे त्याच संध्याकाळी गेले, पाच जगले.

भिवसन त्यांत नव्हता.

मैनूला डोळे उघडता येत नव्हते. प्रत्येक माणूस बाहेर आणला की ती त्याच्या तोंडावरून हात फिरवी आणि बाजूला होई. सातव्यानंतर ती हात पुढे करूनच थांबली. व्यंकटी पुन्हा आत जायला निघाला, पण भिंत पडल्यामुळे आत वारा गेला होता. आग भडभडून पुढे आली. व्यंकटीचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले आणि लोकांनी त्याला ओढून काढलं. रात्र व्हायच्या आत ही सगळी टेकडी पेटली.

माझे पणजोबा शुद्धीवर आल्यावर मैनूने त्यांना विचारलं, "तो कुठं मागं रायला?"

पणजोबांनी सांगितलं. सकाळी छत बसलं तेव्हा पहिला धोंडा भिवसनवर आला. तो तिथेच गेला. पणजोबांनी आपल्या हातांनी त्याचे डोळे मिटले होते आणि मग बाकीच्यांना घेऊन त्या ओल्या गाळ्याकडे सरपटत गेले होते.

"मंग ओ कोणं देल्ली?" व्यंकटीने विचारलं.

"आमी नाही," पणजोबा म्हणाले. "आमाले तर हाकच ऐकू आली नाही."

उरलेल्या चौघांनीही तेच सांगितलं. चिखलात पडल्यानंतरचं त्यांना काहीच आठवत नव्हतं.

खाण गेली. कंपनीने एक पावसाळा वाट पाहिली, मग इंजिन नेलं, रूळ उपटून नेले. ज्यांच्यापाशी परतायला गाव होतं ते गेले. ज्यांना परत जाता येत नव्हतं, ते इथेच मोहाची फुलं आणि कंदमुळं उकडून दिवस काढू लागले. लहान मुलं दगावली. मग लोकांची तोंडं मैनूकडे वळली. हिने हाक मारली नसती तर भिंत उभी राहिली असती, गाव जगलं असतं, असं बायका तिच्या दारात येऊन बोलत. एका बाईने म्हणे आपलं मेलेलं लेकरू तिच्या उंबऱ्यावर आणून ठेवलं. मैनूने ते मांडीवर घेतलं आणि त्या बाईसोबत जाऊन पुरलं.

व्यंकटीच्या हातांची बोटं आखडून गेली होती. त्याला थापी धरता येत नव्हती. तो मैनूच्याच अंगणात झोपडी घालून राहिला. एकदा त्याने तिला विचारलं, "बहिणी, मागाचंच होतं त काऊन नाही मागतलं का तो जिता येऊ दे म्हणून? नुसती ओच काऊन मागतली?"

मैनू म्हणाली, "मले वाटलं, ओ देल्ली म्हणजे येईलच. तो नेहमी येत जाय ना."

यानंतर ती त्याबद्दल बोलली नाही. देवापुढेही तिने कधी हात जोडले नाहीत. आजारात नाही, उपासमारीत नाही, मरतानाही नाही. बोललेला नवस तिने असा पाळला.

बऱ्याच वर्षांनी नदीच्या खालच्या अंगाला दुसरी खाण निघाली आणि गाव पुन्हा वसलं. तोवर मैनू नव्हती. व्यंकटी म्हातारा झाला होता. नव्या वस्तीत कुठे भिंत उठू लागली की तो आखडलेले हात घेऊन तिथे जाऊन बसे आणि गवंड्याला आधी आत हाक मारायला लावी. नवे गवंडी हसत. तरीही तो उठत नसे, म्हणून हाक मारत. ते बघून दुकानदारही हाक मारू लागले, मग शाळेचे मास्तर, मग सगळेच.

आजही उमरघाटात कोणीही काही बंद करण्याआधी हाक मारतो. गोदामाचं दार असो, मालगाडीचा डबा असो, बँकेतली तिजोरीची खोली असो. "कोणी हाय का गा आत?" असं विचारून थोडं थांबतात. बाहेरगावचे लोक म्हणतात, ओ आली नाही म्हणजे आत कोणी नाही, लावा कुलूप. आमच्याकडे तसं लावत नाहीत. ओ आली नाही, तर एक माणूस आत जातो, कोपरान् कोपरा हाताने चाचपतो, आणि तो बाहेर आल्यावरच दार ओढून घेतात.