कुंचीतलं विरजण

एका राज्यात दूध विरजत नसे. गाई होत्या, चरव्या भरून दूध होते. पण ते नासायचे, त्याचे दही काही व्हायचे नाही. दही नाही म्हणून ताक नाही, लोणी नाही, देवापुढे तुपाची वात नाही.

याला कारण राजा धीरसेन. फार वर्षांपूर्वी एका तिन्हीसांजेला परमुलखातली एक बाई कडेवर लेकरू घेऊन त्याच्या दारी आली होती. तिने वाटी पुढे केली.

"महाराज, चमचाभर विरजण द्या. लेकरू उपाशी आहे."

"दिवे लागले," राजा म्हणाला. "या वेळी पांढरं उंबऱ्याबाहेर देत नाहीत. परक्यांना तर नाहीच."

ती बाई जादूगारीण होती. ती रागावली नाही. उंबऱ्यावर हात ठेवून एवढेच म्हणाली, "उंबरा इतका लाडका आहे, तर वाढू दे त्याला. एखाद्या तिन्हीसांजेला तू स्वतः परक्यापुढे वाटी धरशील आणि तो ती भरून देईल, त्या दिवशी सुटशील."

आणि ती रिकामी वाटी घेऊन परत गेली. त्या रात्रीच राज्यातले सगळे विरजण मेले. उंबरा वाढत वाढत राज्याच्या वेशीला भिडला. तिथे तो नदी झाला, नदीपलीकडे पाखरू झाला, पाखरापलीकडे काटेरी रान झाला. बाहेरचे माणूस आत येईना, की बाहेरचे विरजण.

त्या रानापलीकडे सारजा राहत होती. एके दिवशी तिथला डोंगर पेटला आणि गावाची राख झाली. सारजाची आई वाटेत तापाने गेली. जाताना तिने सारजाच्या हाती दह्याचे बोळके दिले आणि कडेवर धाकटी तानी दिली. तानीला दूध पचत नसे. ती त्या दह्यावरच जगत होती. वाटेत शेळीचे दूध मिळाले की सारजा बोळक्यात घाली, आणि आईच्या हातचे दही पुन्हा लागे.

बरोबर गावची दहा-बारा माणसे होती. सगळी रानापाशी आली. काटे माणसांकडे वळले.

"आम्ही आतून जळतोय," काटे म्हणाले. "थंड काही घाल, मगच वाट."

सारजाने अर्धे दही मुळाशी ओतले. काटे मिटले.

पुढे पाखरू ओरडत होते, "मागे फिरा! मागे फिरा!" ओरडून ओरडून त्याचा घसा सोलला होता.

"मागे काही उरलं नाही रे, पाखरा," सारजा म्हणाली.

"मग... मग पुढे तरी जाऊ नका!"

सारजाला हसू आले. तिने पानावर दोन बोटे दही ठेवले. पाखराने ते चाटले, डोळे मिटले आणि हळूच म्हटले, "नदी बाहेरची भांडी गिळते. भांडं धरून ठेवलं तर माणूसही गिळते. कापडाला मात्र हात लावत नाही."

सारजा काठावर बसली. मग तिने तानीची कुंची काढली, उरलेल्या दह्यात बुचकळली आणि तापलेल्या खडकावर वाळत घातली.

"काय गं हे!" बरोबरचे म्हातारे धोंडूतात्या म्हणाले. "लेकराच्या डोक्यावर माश्यांचं लग्न लावतेस का?"

"आई लांबच्या गावी विरजण असंच न्यायची, तात्या."

कुंची कडक वाळली. तिने ती तानीच्या डोक्यावर बांधली, आणि सगळे हात धरून पाण्यात उतरले. मधोमध नदीने बोळके ओढले. त्याच्या काठावर आईच्या बोटांचे ठसे होते. सारजाने क्षणभर घट्ट धरले. पाणी तानीच्या हनुवटीला लागले. सारजाने बोट बोट सोडवत बोळके सोडून दिले.

पलीकडे शिपाई उभे होते. त्यांनी सगळ्यांना राजापुढे नेले.

"उद्या संध्याकाळी यांना परत धाडा," राजा म्हणाला.

तानी रडत होती, पण आता तिच्या रडण्याला आवाज उरला नव्हता.

"महाराज, वाटीभर कोमट दूध द्या," सारजा म्हणाली.

"इथे दूध विरजत नाही, मुली."

"एकदा लावून तर बघते."

दूध मिळाले. तिने कुंचीचे टोक त्यात भिजवले, चोळले, आणि वाटी पदराखाली धरून रात्रभर धर्मशाळेत बसून राहिली. सकाळी वाटी कलती केली तर दही जागचे हलले नाही. तानीने पहिला घास गिळला, मग दुसरा. मग ती सारजाची वेणी ओढू लागली.

ही बातमी राजवाड्यात गेली. तिन्हीसांजेला राजा एकटाच चालत धर्मशाळेच्या दारात आला. त्याच्या हातात चांदीची इवलीशी वाटी होती. ती त्याने सारजापुढे धरली.

"चमचाभर... मिळेल?"

"दिवे लागलेत, पोरी," धोंडूतात्या कानाशी कुजबुजले. "आणि हाच आपल्याला हाकलणार होता. देऊ नकोस."

सारजाने वाटीत पाहिले. थोडेच दही उरले होते. मग तिने राजाकडे पाहिले. दारी आलेल्या माणसासारखाच तो उभा होता, खाली मान घालून.

"तानीपुरतं ठेवते," ती म्हणाली, "बाकी तुमचं."

तिने वाटी भरली. त्याच घडीला दूर वेशीवर नदी उथळ झाली, काट्यांना फुले आली, आणि उंबरा सरकत सरकत आपल्या जागी, राजवाड्याच्या दारात येऊन टेकला. आता तो एवढासाच होता. तानीलासुद्धा रांगत ओलांडता आला.

राजाने सारजाच्या माणसांना नदीकाठी जमिनी दिल्या. नदीने बोळके काठावर आणून ठेवले. त्या राज्यात अजून दिवे लागले की घरोघरी उंबऱ्यावर विरजणाची वाटी ठेवतात. आणि वेशीवरचे पाखरू येणाऱ्याला पाहून जुन्या सवयीने चोच उघडते, "मागे...", मग अडखळते, लाजते आणि म्हणते, "मागे राहिलेल्यांनाही घेऊन या."