घंटा वाजली की बरा

देवालाच ठाऊक किती वर्षांपूर्वीची ही गोष्ट. एका राज्यात राजानं मोठी रुग्णशाळा बांधली होती. तिच्या दारात पितळी घंटा टांगलेली. रुग्ण स्वतःच्या पायांवर उभा राहिला, की वैद्यानं ती वाजवायची. टण्ण! झाला बरा. मग त्याला तिथं घटकाभरही थांबता येत नसे. राजा महालात बसून घंटा ऐकायचा आणि मिशीवर ताव द्यायचा.

वैद्य गुणी होता. हाताला यश होतं त्याच्या. पण त्या घंटेचा नाद त्यालाही गोड लागायचा, खोटं कशाला बोला?

एकदा रुग्णशाळेचा पाणक्याच आजारी पडला. तो नदीवरून कावडीनं पाणी आणायचा आणि त्याच पाण्याचे काढे उकळायचे. शिंपला घुसून त्याचा तळपाय टम्म सुजला होता. वैद्यानं पू काढला, लेप लावला, पट्टी बांधली. चौथ्या दिवशी पाणक्या उभा राहिला. टण्ण!

"आता घरी जाऊन तीन आठवडे पडून राहा," वैद्य म्हणाला. "पाय ओला करू नकोस. वेळेवर गरम पेज पी."

"वैद्यबुवा, घर असतं तर पडलो असतो की! मी घाटाच्या पायरीवर निजतो. पाणी भरलं नाही, तर भाकरी कोण देईल मला?"

"ते माझ्या पोथीत येत नाही, बाबा."

पाणक्या गेला. पायाची पट्टी ओली, पोट रिकामं. आठ दिवसांत परत आला. पुन्हा लेप, पुन्हा घंटा. तिसऱ्यांदा आला तेव्हा दोन बोटं काळी पडली होती, ती कापावी लागली. आता मात्र वैद्याला राहवेना. तो राजाकडे गेला.

त्याच सुमारास राजाच्या लाडक्या घोड्याच्या खुरात खिळा गेला होता. त्याला एकवीस दिवसांची विश्रांती होती. पागेत कोरडं गवत, शेकोटी, गूळ घातलेला चंदी-दाणा!

"महाराज," वैद्यानं हात जोडले, "पागेच्या कोपऱ्यात पाणक्याला निजायला जागा द्या आणि दोन वेळची पेज द्या. माणूस वाचेल."

"त्याची घंटा वाजवली होतीस ना?"

"दोनदा, महाराज."

"मग तो बरा आहे. बऱ्या माणसाला जागा कशाला? आणि बरा नसेल, तर खोटी घंटा वाजवलीस म्हण की!"

वैद्य पेचात पडला. खोटी म्हणावं तर नाव जातं, खरी म्हणावं तर पाणक्या जातो. शहाण्या माणसानं नाव राखलं.

दोन दिवसांनी पाणक्या भिंतीला धरून कसाबसा उभा राहिला. "अजून नाही," एवढंच वैद्यानं म्हणायचं होतं. त्यानं दोरी ओढली.

पाणक्या उंबऱ्यावर थांबला. "वैद्यबुवा, मी खरंच बरा झालो का हो?"

वैद्य आत निघून गेला.

एकविसाव्या दिवशी घोडा ठणठणीत होऊन पागेतून निघाला. राजाच्या हुकमानं वैद्यानं दारात जाऊन त्याच्यासाठीही घंटा वाजवली. परत आत येताना वैद्याला हुडहुडी भरली, अंग तापलं. चूल पेटवणाऱ्या म्हातारीला तो म्हणाला, "मावशी, माझ्यापुरता काढा टाका."

म्हातारीनं हंडा उपडा करून दाखवला. "पाणी नाही."

"पाणक्या कुठंय?"

"कालपर्यंत फरफटत आणत होता. सकाळी घाटावर सापडला, पाय पाण्यातच होते. गेला बिचारा."

वैद्यानं विचारलं, "मला कुणी सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं?" म्हातारी फटकन बोलली. "बरा झाला म्हणून तुम्हीच तर तीनदा गावाला ऐकवलंत!"

वैद्यानं स्वतःच्या हातांनी ती घंटा उतरवून नदीत टाकली. पण घंटा बुडवल्यानं मेलेला उठतो होय?

म्हणून सांगतो, ज्याला पाठ टेकायला कोरडी जागा नाही, त्याला बरा म्हणून दाराबाहेर काढणं म्हणजे त्याला आपल्या हातानं मारणं.