लाल कड्यावरची कोकरं

फार पूर्वी, जिथे पायवाटासुद्धा दमून थांबत अशा एका डोंगराळ राज्यात रानमेंढ्या मोजणारी एक बाई होती. या मेंढ्या माणसाचा वास आला तरी पसार व्हायच्या. म्हणून बाई मेंढ्यांऐवजी त्यांच्या लेंड्या शोधायची. लेंड्या असतील तिथे मेंढ्या, नसतील तिथे नाहीत. वीस वर्षांत तिचा अंदाज कधी चुकला नव्हता, निदान तिला तरी तसं वाटत होतं.

एकदा तिथल्या लाल कड्यात तांबं सापडलं. राजाला आनंद झाला. पायथ्याच्या लोकांना त्याहून जास्त झाला, कारण त्यांच्या हातांना काम मिळणार होतं. पण बाईने 'मोकळा' म्हटल्याशिवाय डोंगराला कुदळ लावायची नाही, अशी त्या राज्याची रीत होती.

हिवाळ्याच्या तोंडावर बाई कडा फिरून आली. एकही लेंडी दिसली नाही. "कडा मोकळा आहे," तिने सांगून टाकलं.

बर्फ वितळलं तसा खाणीचा मुकादम कामाला लागला. तेव्हा खडक जाळाने तापवत आणि वर गार पाणी ओतून फोडत. कड्याखाली लाकडं रचली गेली. त्या सकाळी बाई सहज वर बघते तो काय, कपारीत एक मेंढी उभी आणि तिच्या पोटाशी ओलं कोकरू. जरा पुढे दुसरी, मग तिसरी. बाईने मोजली, अकरा कोकरं होती.

आता कुठे तिला उलगडलं. लांडगा चढू शकत नाही म्हणून मेंढ्या फक्त विण्यापुरत्या इथे येत होत्या. लेंड्या उभ्या कड्यावरून घरंगळून बर्फाच्या पाण्यात वाहून जात होत्या. हे वीस वर्षं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता सांगावं, तर लोक म्हणणार, बाकीच्या डोंगरांचं तरी हिने खरं सांगितलं कशावरून? शिवाय काम गेलं म्हणून शिव्या देणार, ते वेगळंच.

"बाई, लावू ना जाळ?" मुकादमाने विचारलं.

"तुमचं तुम्ही बघा," बाई म्हणाली आणि घराकडे वळली.

पण घरी तिला बसवेना. मागे धूर वर चढू लागला, मेंढ्यांचं ओरडणं ऐकू आलं. लागलेला जाळ विझवायचा हुकूम फक्त राजाच देऊ शकत होता, तशी ती राजवाड्याकडे धावत सुटली.

"महाराज, माझं चुकलं. कडा मोकळा नाही. जाळ विझवा."

राजाने घोडेस्वार पिटाळले आणि मागोमाग स्वतः निघाला. जाळ विझला. खाण डोंगराच्या पाठीमागून खणायची ठरली. काम लांबलं, पण कुणाचं बुडालं नाही. शिव्याही कुणी दिल्या नाहीत. मुकादम एवढंच म्हणाला, "बाई, तुम्ही सकाळी बोलला असतात तर लाकडं उचलली असती हो."

धूर निवळल्यावर मेंढ्या खाली उतरल्या. त्यांच्यामागे चार कोकरं होती. बाकीच्यांतली काही धुरात गुदमरली, काही घाबरून कड्यावरून पडली.

"चूक कळली कधी?" राजाने विचारलं.

"सकाळी, महाराज."

"आणि माझ्याकडे आलीस कधी?"

"दुपारी."

राजाने घोडा वळवला आणि तो वाड्याकडे निघाला. त्याने रागवावं असं बाईला फार वाटत होतं.

तात्पर्य काय, तर चूक कुणाच्याही हातून होते; पण ती कळूनही लाजेपायी गप्प बसलं, तर तिची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.